बडोद्यात टेक स्टार्टअप सुरू करताय? विद्यापीठाच्या इन्क्युबेटरकडून काय मिळतं आणि ते कसं मिळवायचं

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुलं इन्क्युबेशन सेंटरची चौकशी करतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पैसे किती मिळतात? माझं मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. विद्यापीठाच्या इन्क्युबेटरकडची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. त्यानंतर पहिल्या ग्राहकापर्यंत पोचवणारी ओळख, त्यानंतर कागदपत्रं बिनचूक करून देणारी माणसं आणि मग अनुदान. हा क्रम डोक्यात पक्का असला की कुठल्या केंद्रात जायचं, तिथे काय मागायचं आणि सही करण्याआधी कुठे थांबायचं, हे बरंच सोपं होतं.

इन्क्युबेटरचं काम थोडक्यात सांगायचं तर, कल्पना किंवा कच्चा नमुना हातात असलेल्या टीमला दोन-तीन वर्षं आधार द्यायचा आणि तिला स्वतःच्या पायावर उभी करायची. यात बसायला जागा, कंपनीसाठी पत्ता, यंत्रं, मार्गदर्शक, पेटंट आणि हिशेबाची मदत, सरकारी योजनांची वाट हे सगळं येतं. अॅक्सेलरेटर वेगळा. तो तीन-सहा महिन्यांचा असतो आणि ज्यांचा माल थोडाफार विकला जातोय त्यांच्यासाठी असतो. को-वर्किंगमध्ये टेबल भाड्याने मिळतं, बाकी काही नाही. या तिघांची जाहिरात सारखीच दिसते, म्हणून हे आधीच सांगितलं.

बडोद्याला ही गोष्ट नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं ते रंगकाम, विणकाम, यंत्रकाम शिकवून राज्यात उद्योग उभे राहावेत म्हणून. त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. पुढे १९०७ मध्ये याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या आपल्या विद्यार्थ्यांसोबत अलेंबिक कंपनी काढली. प्राध्यापक, विद्यार्थी, प्रयोगशाळेतलं ज्ञान आणि त्यातून उभा राहिलेला कारखाना: आज धोरणांच्या कागदांत जे लिहिलेलं असतं ते या माणसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. राजमहाल रस्त्यावरचं ते कलाभवन आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (एमएसयू) टेक्नॉलॉजी अँड इंजिनीअरिंग फॅकल्टीचा भाग आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांनी हा वारसा आपला समजावा, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: तुम्हाला इन्क्युबेटरची खरंच गरज आहे का?

तुमचं उत्पादन हाताला लागणारं असेल, म्हणजे सेन्सर, यंत्राचा भाग, रसायन, वैद्यकीय उपकरण, शेतीचं अवजार, बॅटरी, तर उत्तर बहुतेक 'हो'. ऑसिलोस्कोप, थ्रीडी प्रिंटर, सीएनसी, तापमानाच्या चाचणीची कपाटं हे सगळं स्वतःच्या पैशाने उभं करायला गेलात तर कल्पना तपासण्याआधीच घरच्यांची बचत संपेल.

फक्त मोबाइल अॅप किंवा वेबसाइट असेल, तर लॅपटॉप आणि बरं इंटरनेट पुरतं. अशा टीमने इन्क्युबेटरमध्ये जावं ते मार्गदर्शक आणि ओळखींसाठी, आणि तेवढ्यासाठी कंपनीतला हिस्सा द्यायचा का हे नीट ठरवून. फ्रँचायझी, माल आणून विकणं, कोचिंग क्लास हे सगळे चांगले व्यवसाय आहेत. पण तंत्रज्ञानाचा इन्क्युबेटर त्यांच्यासाठी नाही.

दुसरी पायरी: अर्ज भरण्याआधी ग्राहकाकडे जा

या पायरीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं राहतं.

समजा, तीन मित्रांनी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान आणि त्यातला ओलावा मोजून मोबाइलवर इशारा देणारं छोटं उपकरण बनवायचं ठरवलं. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर बनवणारे आणि दुरुस्त करणारे भरपूर, त्यामुळे कल्पना इथल्या मातीतली आहे. तेलात ओलावा वाढला की त्याची विद्युतरोधक ताकद घटते, आतला कागद कमजोर होतो आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे.

आता ही मुलं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, एखाद्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे 'आमचं उपकरण घ्याल का' असं विचारलं तर मालक हसून 'हो, आणा' म्हणेल. त्या होकाराला काही अर्थ नाही. विचारायचं ते असं: 'काका, गेल्या उन्हाळ्यात जळून आलेल्यांपैकी किती ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी निघालं? ते कुणाचे होते? दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी काय केलं?' असे चार-पाच ठिकाणी प्रश्न विचारले की लक्षात येतं, ट्रान्सफॉर्मर जळला तर वर्कशॉपला काम मिळतं, म्हणून तो आपला ग्राहक नव्हेच. पैसे देईल तो वाघोडिया किंवा सावलीचा प्लास्टिक मोल्डिंगवाला, ज्याचं उत्पादन वीज गेली की ठप्प होतं आणि मशीनमध्ये माल गोठून बसतो. ग्राहक बदलला की उपकरणाची किंमत, आकार, इशारा कुणाच्या फोनवर जायचा हे सगळंच बदलतं.

हे काम बडोद्यातल्या मराठी मुलांना इतरांपेक्षा सोपं जातं. गुजराती अस्खलित, हिंदी येतं, घरी मराठी. जीआयडीसीत गुजरातीत बोललात की माणूस मोकळा होतो. शिवाय आपल्या सोसायटीत, गणेशोत्सवाच्या मंडळात, नातेवाइकांत कुणीतरी रिफायनरीतून, जीएसएफसीतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेले काका असतातच. त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास बसा. तीस वर्षं प्लांट चालवलेल्या माणसाचं ज्ञान या शहरात फुकट मिळतं आणि फार थोडे जण ते मागायला जातात.

दहा-पंधरा जणांशी बोलून झालं की एका कागदावर लिहा: अडचण कुणाची, आज ते तिच्यावर काय उपाय करतात, त्याला खर्च किती येतो, आपण काय वेगळं करणार. अर्जाचा निम्मा भाग इथेच तयार झाला.

तिसरी पायरी: कुठल्या दारात जायचं?

एमएसयूचे विद्यार्थी असाल तर सुरुवात आपल्या फॅकल्टीतून करा. गुजरात सरकारने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्टार्टअप आणि इनोव्हेशनचं धोरण आणलं, त्याला सगळे एसएसआयपी म्हणतात. २०२२ पासून त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे. या धोरणाखाली कॉलेजांना नमुना बनवण्यासाठी निधी मिळतो आणि तो विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणारा समन्वयक प्राध्यापक असतो. त्या सरांचं किंवा मॅडमचं नाव विभागात विचारलं की कळतं.

वाघोडियाजवळच्या लिमडा गावी पारुल विद्यापीठाचं पीआयईआरसी हे केंद्र आहे. रसायन, जैवतंत्रज्ञान, औषधं अशा विषयात असाल तर सावलीला गुजरात स्टेट बायोटेक्नॉलॉजी मिशनचं इन्क्युबेटर आहे. तिथे जिवंत पेशी, एन्झाइम, रसायनं हाताळायच्या सोयीची प्रयोगशाळा लागते ती मिळू शकते. साध्या इंजिनीअरिंग कॉलेजात अशी सोय नसते. अहमदाबाद रेल्वेने दीड-दोन तासांवर आहे, त्यामुळे आयआयएमचं सीआयआयई, बावळ्याजवळचं आयक्रिएट, गुजरात युनिव्हर्सिटीचं जीयूसेक हेही आवाक्यात येतात. अनेक केंद्रं बाहेरच्या कॉलेजच्या टीमही घेतात, तेव्हा आपल्या कॉलेजात केंद्र नाही म्हणून खट्टू होऊ नका.

निवड करताना इमारत बघू नका. रंगीत खुर्च्या आणि भिंतीवरची इंग्रजी वाक्यं सगळीकडे असतात. हे विचारा: प्रयोगशाळेची यंत्रं स्टार्टअपला आठवड्यातून किती तास आणि कुठल्या वेळी मिळतात? वर्ग सुटल्यावर लॅबची किल्ली कुणाकडे असते? ऑपरेटर सुट्टीवर असला की काम थांबतं का? माझ्या मते 'किल्ली कुणाकडे' हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कागदावर कोट्यवधींची उपकरणं असतात आणि संध्याकाळी पाचला कुलूप लागतं. स्टार्टअपचं खरं काम तर बहुतेकदा पाचनंतर सुरू होतं.

आणि शेवटचं: तिथून बाहेर पडलेल्या दोन कंपन्यांना स्वतः फोन करा. केंद्राने दिलेल्या यादीतल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. त्यांना विचारा की पहिला ग्राहक केंद्रामुळे मिळाला का.

चौथी पायरी: तोंड उघडण्याआधी पेटंट

ही पायरी बहुतेक नवखे वगळतात आणि नंतर तिला इलाज नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भारतीय पेटंट कायद्यात शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्याआधी तुम्ही तो जाहीर केला, म्हणजे प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडला, स्पर्धेच्या मंचावरून सांगितला, यूट्यूबवर टाकला किंवा पेपरात छापला, तर तो 'नवा' उरत नाही. काही मोजक्या प्रसंगी १२ महिन्यांची सवलत आहे, उदाहरणार्थ सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन. पण कॉलेजचा टेकफेस्ट त्यात धरला जात नाही. ग्रंथालयात सगळ्यांना वाचायला ठेवलेला प्रबंधसुद्धा प्रसिद्धीच ठरू शकतो.

उपाय स्वस्त आहे. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्था यांच्यासाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांना हेच ८,००० पडतं. तो भरला की तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला तपासणी लवकर करून मागण्याचीही सोय आहे. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण सगळं ऑनलाइन असल्यामुळे मुंबईला जावं लागत नाही. खरा खर्च असतो मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटचा, आणि तोच उचलायला इन्क्युबेटर किंवा एसएसआयपी मदत करू शकतात. मागून घ्या. निव्वळ सॉफ्टवेअरला, म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रामला, आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्याला कॉपीराइट आहे. आपल्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मुलांचं पेटंट लागलं तर ओलावा मोजायच्या पद्धतीला किंवा सेन्सरच्या रचनेला लागेल, मोबाइल अॅपला नाही.

आता नाजूक भाग: शोध कुणाचा?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी राष्ट्रीय धोरण दिलं. त्याचा गाभा असा: संस्थेचा निधी किंवा सुविधा बऱ्याच प्रमाणात वापरून, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शोध लागला असेल तर मालकी संशोधक आणि संस्था दोघांची. संस्थेची कुठलीही सुविधा न वापरता, कामाच्या वेळेबाहेर लागला असेल तर पूर्णपणे संशोधकाची. वाद झालाच तर किमान पाच जणांच्या समितीने निर्णय द्यायचा. प्रत्येक विद्यापीठ या चौकटीत आपले नियम बनवतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या आणि वाचा. पंधरा-वीस पानांचं असेल. एका संध्याकाळचं काम आहे.

त्याचा व्यवहारातला अर्थ असा की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि स्टार्टअप एकच ठेवलात तर संस्थेचा वाटा येणार. त्यात गैर काही नाही, लॅब त्यांची आहे. पण हे आधी माहीत असावं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, काय केलं, कुठल्या यंत्रावर, कुणी. पानांवर सही. कुणी काय केलं हा प्रश्न दोन वर्षांनी निघतो, तेव्हा ही वही बोलते.

आणि मार्गदर्शक सरांचं नाव? आपल्याकडे आदरापोटी नाव घालायची पद्धत आहे. पेटंटमध्ये तसं करू नका. कायद्याला खरा संशोधक हवा असतो. सरांनी शोधात खरोखर भर घातली असेल तर त्यांचं नाव हक्काने यायला हवं, आणि नसेल तर आभारात येईल. हे विचारणं अवघड वाटतं, पण साध्या शब्दांत विचारता येतं: 'सर, सेन्सरच्या थराची कल्पना तुमची होती, म्हणून संशोधकांत तुमचं नाव घेतो. बाकी जुळणी आम्ही केली, तसंच लिहू का?' सुरुवातीला विचारलं तर सर खूश होतात. पैसे दिसू लागल्यावर विचारलं तर संबंध बिघडतात.

पाचवी पायरी: अर्ज आणि समितीपुढचं बोलणं

अर्जात मोठमोठे आकडे नकोत. 'भारतात इतके कोटी ट्रान्सफॉर्मर, त्यातले एक टक्का आम्ही घेतले तरी' हे वाक्य समितीने अनेकदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या पायरीवरचा कागद मांडा: वाघोडियातल्या अमुक प्रकारच्या कारखान्यांशी बोललो, एक दिवस वीज गेली की त्यांचं इतकं नुकसान होतं, दोघांनी उपकरण लावून बघायची तयारी दाखवली आहे. ती तयारी लेटरहेडवर लिहून आणलीत तर अर्धी लढाई जिंकलीत.

समिती तंत्रज्ञानापेक्षा माणसं बघते. डिग्रीनंतर कोण नोकरीला जाणार, कोण पूर्णवेळ राहणार, हे विचारतेच. त्याचं खरं उत्तर द्या. 'आम्ही तिघंही राहणार' म्हणायचं आणि कॅम्पस प्लेसमेंटलाही बसायचं, असं केलंत तर सहा महिन्यांत कळतंच. एकजण नोकरी करून शनिवार-रविवार देणार असेल तर तसं सांगा आणि त्याचा हिस्सा त्या प्रमाणात ठेवा.

इथे घरच्यांचाही विषय येतो. बडोद्यातली बरीच मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या दरबारची, शाळेची, बँकेची, कंपनीची नोकरी करत आली. 'आधी नोकरी लाग, मग काय ते कर' हे आई-बाबांचं म्हणणं काळजीतून येतं आणि त्यात तथ्य आहे. त्यांना दाखवायला दोन गोष्टी आहेत. वर सांगितलेल्या राष्ट्रीय धोरणात विद्यार्थ्याला स्टार्टअपसाठी सेमिस्टर किंवा वर्षाची विश्रांती घेऊन पुन्हा शिकायला येण्याची तरतूद आहे, आणि इन्क्युबेशनमधल्या विद्यार्थ्याला हजेरी कमी पडली तरी परीक्षेला बसू देण्याचीही. दुसरं, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधी-ईआयआर योजनेत निवड झाली तर दरमहा ३०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता वर्षभर मिळू शकतो. घरी या दोन्ही गोष्टी छापून दाखवा.

सहावी पायरी: कंपनी आणि हिस्सा

निवड होईपर्यंत कंपनी काढायची घाई नको. नमुना अनुदानाच्या काही योजना व्यक्तीलाही चालतात. पण सीड फंडासाठी, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाच्या सरकारी योजनेसाठी, कंपनी लागते, आणि अर्जाच्या वेळी ती दोन वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणून उगाच आधी काढून ठेवलीत तर ते घड्याळ चालू होतं.

काढायची तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). नोंदणीकृत भागीदारीलाही स्टार्टअप मान्यता मिळते, एकट्याच्या प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. पुढे गुंतवणूकदार आणायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच बरी. डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर फुकट मिळते. त्यासाठी कुणी पाच-दहा हजार मागत असेल तर देऊ नका.

मित्रांमध्ये हिस्सा समान वाटून मोकळं होणं हे मराठी मनाला बरं वाटतं, पण करारात 'व्हेस्टिंग' नक्की घाला. म्हणजे हिस्सा एकदम न मिळता चार वर्षांत हळूहळू हाती येतो, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेलेल्याला काही मिळत नाही. ही अट नसेल आणि बारा महिन्यांनी एकजण एम.एस.ला अमेरिकेला गेला आणि कंपनीचा एक तृतीयांश भाग सोबत घेऊन गेला, तर उरलेल्या दोघांना पुढे कुणीही पैसे देणार नाही.

इन्क्युबेटरही हिस्सा मागू शकतं. विद्यार्थ्यांच्या स्टार्टअपसाठी राष्ट्रीय धोरणाने जागा, निधी, मार्गदर्शन, पेटंट मदत यांच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के अशी चौकट सांगितली आहे. नुसतं टेबल आणि वायफाय देऊन कुणी वरच्या टोकाचा आकडा मागत असेल तर थांबा. लॅब, चाचण्या, निधी आणि ग्राहक असं सगळं देत असतील तर पाच-सहा टक्के मला रास्त वाटतात. सही करण्याआधी करारातले तीन मुद्दे बोट ठेवून वाचा: पुढच्या गुंतवणुकीत त्यांचा हिस्सा इतरांसारखा कमी होणार की तेवढाच राहणार, कुठल्या निर्णयाला त्यांची परवानगी लागणार, आणि तुम्ही मध्येच केंद्र सोडलंत तर काय.

सातवी पायरी: पैसे

आता तो प्रश्न. पैसे टप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याचा उपयोग ठरलेला असतो.

सुरुवातीला एसएसआयपीतून नमुन्यासाठी अडीच लाखांपर्यंत. पुढे केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत, तेही मान्यताप्राप्त इन्क्युबेशन केंद्रामार्फतच. जैवतंत्रज्ञानात असाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची बिग योजना ५० लाखांपर्यंत जाते. २०२१ मध्ये आलेल्या ९४५ कोटींच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाची रचना अशी की पैसे सरकारकडून इन्क्युबेटरला आणि त्याच्याकडून तुम्हाला: नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय डिबेंचर (पुढे हिस्स्यात बदलता येणारा कर्जरोखा). भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. या निधीसाठी इन्क्युबेटरने अर्जाची फी घेऊ नये असा नियम आहे. त्या केंद्राकडे या योजनेचा निधी आज शिल्लक आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारा, कारण नावाच्या पाटीवर योजना असते आणि तिजोरी रिकामी असू शकते.

अनुदान हप्त्याने येतं. ठरलेलं काम दाखवलं की पुढचा हप्ता. म्हणून वेगळं बँक खातं, प्रत्येक खरेदीचं जीएसटी बिल, आणि खर्च झाल्यावर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच गेले याचा दाखला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीहून रोखीने आणलेले सुटे भाग हिशेबात बसत नाहीत, आणि ते पैसे खिशातून जातात. मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसा यांत काही महिने जातात, हे धरून चाला. तेवढ्या काळाचा घरखर्च कुठून येणार याचं उत्तर आधी शोधून ठेवा.

आठवी पायरी: आत गेल्यावरचे पहिले महिने

पहिला महिना लॅबमध्ये घालवा. कुठलं यंत्र चालतं, कुठलं बंद आहे, तंत्रज्ञ कोण, त्यांची चहाची वेळ कोणती. लॅब असिस्टंटशी नीट ओळख ठेवणारी टीम पुढे जाते, हे मी खात्रीने सांगतो. त्यांना नावाने हाक मारा, 'भाई' म्हणा, काम झाल्यावर यंत्र पुसून ठेवा.

मार्गदर्शकाकडे जाताना एक पान न्या: मागच्या भेटीनंतर काय केलं, कुठे अडलो, आणि एकच नेमका प्रश्न. 'सर, काय वाटतं?' असं विचारणाऱ्याला कुणीही गुळमुळीत उत्तरच देणार. 'उपकरण टाकीच्या बाहेर लावलं तर आतल्या तेलाच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या तापमानात किती फरक धरावा?' असं विचारलं तर निवृत्त इंजिनीअर कागद ओढून आकृती काढायला लागतात.

चाचणीला हयगय नको. बडोद्यात मकरपुऱ्याला एर्डा ही विजेच्या उपकरणांच्या संशोधनाची आणि चाचणीची मोठी संस्था १९७४ पासून आहे. देशभरातले उत्पादक जिथे माल पाठवतात ते ठिकाण आपल्याला रिक्षाच्या अंतरावर आहे. आपलं उपकरण धूळ, पाऊस, चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सोसतं का, याचा अहवाल हातात असला की ग्राहक ऐकून घेतो. चाचणीचा खर्च अनुदानाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा. बहुतेक टीम नमुन्याचे पैसे मागतात आणि चाचणीचे विसरतात.

पहिला ग्राहक खासगीच शोधा, एक-दोन कारखाने, थोडे पैसे घेऊनच. फुकट लावलेल्या उपकरणाकडे कुणी बघत नाही. शंभर रुपये दिलेला माणूस बिघाड झाला की फोन करून ओरडतो, आणि त्या फोनमधून उपकरण सुधारतं. जीयूव्हीएनएल, जेटको, एमजीव्हीसीएल या वीज कंपन्यांची मुख्यालयं रेसकोर्सला आहेत म्हणून मोह होतो, पण सरकारी खरेदीला वेळ लागतो. केंद्र सरकारच्या खरेदी नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपला अनामत रक्कम माफ आहे आणि आधीच्या उलाढालीची, अनुभवाची अट शिथिल करता येते, गुणवत्तेची नाही. राज्याच्या कंपन्यांच्या निविदांत काय लिहिलं आहे ते प्रत्येक वेळी वाचावं. इन्क्युबेटरचा उपयोग इथे होतो: केंद्राच्या प्रमुखांनी एका अभियंत्याला फोन करून 'या मुलांना एका सबस्टेशनवर चाचणीला जागा द्या' म्हटलं, तर तुमचे कित्येक महिने वाचतात. असा फोन हक्काने मागा.

दर तीन महिन्यांनी आढावा होतो. त्यात प्रगती फुगवून सांगू नका. आढाव्यातला माणूस तुम्हाला मदत करायला बसलाय, आणि अडचण सांगितली नाहीत तर त्याला मदत करता येणार नाही.

नववी पायरी: बाहेर पडताना

दोन-तीन वर्षांत जागा सोडायची असते. त्याआधी सहा महिने मकरपुरा, पोर किंवा सावलीत छोटा शेड भाड्याने बघायला लागा, कारण जुळणी आणि साठवण विद्यापीठात चालत नाही. केंद्राकडून लेखी घ्या: कुठलं पेटंट कुणाच्या नावावर, परवाना असेल तर रॉयल्टी किती आणि कुठवर, अनुदानातून घेतलेली यंत्रं कुणाची. ती बऱ्याचदा केंद्राची असतात आणि ठेवूनच जावं लागतं, तेव्हा नव्या जागेच्या खर्चात ती पुन्हा घ्यायचे पैसे धरा. चाचणीच्या नोंदी, सर्किटचे आराखडे आणि सोर्स कोड विद्यापीठाच्या संगणकावर राहिले असतील तर खातं बंद होण्याआधी उतरवून घ्या.

कंपनीचा नोंदणीकृत पत्ता केंद्राचा असेल तर तो बदलल्याची माहिती कंपनी निबंधकाला ३० दिवसांत आयएनसी-२२ फॉर्मने द्यावी लागते आणि जीएसटीतला पत्ता १५ दिवसांत बदलावा लागतो. बँक आणि स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवरही नवा पत्ता त्याच आठवड्यात टाका, म्हणजे सरकारी नोटीस जुन्या टेबलावर पडून राहणार नाही.